दादाने पाहिलेलं डिबेट

पानाय बेट,
बुधवार. दादाला पोचवून एकच दिवस झाला.

पूजनीय पुरिंगताईस (लहानपणी मला पेरूच्या झाडाला बांधून तू सिनेमाला निघून गेली होतीस, तरीही पूजनीय),

तुझा हात हातात घेऊन कपाळाला लावतो. तो हात तिकडे तुरिनला आणि कपाळ इकडे, तेव्हा लावला असं समज. गुडघा काय म्हणतो? तुझी ती म्हातारी सिन्योरा अजून चपला फेकून मारते का? मारत असेल तर तिची तब्येत उत्तम आहे. ज्या दिवशी नेम चुकायला लागेल त्या दिवशी नवी नोकरी शोधायला लाग. इकडे सगळे खुशाल, म्हणजे दादा सोडून. तुझ्या भावजयीचं, निल्दाचं, पित्त जिथल्या तिथे आहे, माझी पाठ जिथल्या तिथे आहे, डुकरीण व्याली, नऊ पिल्लं झाली. थकवा मात्र असा आलाय की हे लिहिताना दोनदा कागदावरच डोकं टेकून झोपलो. कुठे शाई फिसकटलेली दिसली तर उरलेली माझ्या गालावर आहे.

काल दफनाच्या वेळी तुला फोन लागला नाही, आणि संध्याकाळी लागला तेव्हा घरातली अकरा माणसं त्या एका फोनवर एकदम रडली. त्यातून तुला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. पुन्हा फोन करून सांगण्यासारखं हे नाहीच. आपल्या गल्लीत फोनवर बोललेलं आधी शेजारी ऐकतात, मग पलीकडचा. शुक्रवारी जुडिथ (पेजवाल्या तिया मोनिंगची धाकटी, तिकडे तुझ्याच शहरात मुलं सांभाळते ती) परत निघते आहे. तिच्याबरोबर सुक्या मासळीच्या पुड्यात घालून पत्र पाठवतोय. वास येईल. पत्राच्या मजकुराला साजेसाच आहे.

तर सेल्मोदादाचे दोन चिरंजीव. तू दर रविवारी फोन करायचीस तेव्हा कधी लिनो भेटायचा, कधी डोमिंग, दोघं एकत्र कधीच नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. फेब्रुवारीपासून दोघांत बोलणं नव्हतं. जमिनीवरून नाही, बाईवरून नाही, राष्ट्राध्यक्षावरून. लिनो जनरलसाहेबांचा, म्हणून मनगटात जांभळं कडं. डोमिंग डॉक्टरीणबाईंचा, म्हणून त्याच्या मनगटात निळं. जनरलला आपली गल्ली नकाशातही सापडायची नाही. डॉक्टरीणबाई एकदा येऊन गेल्या, पण त्यांची गाडी थांबली नाही, नुसता हात बाहेर आला आणि हललेला दिसला. एवढ्यावर दोन सख्खे भाऊ एका ताटातलं खाणारे, समोरासमोर आले की एकजण फुटपाथ बदलायचा. (आपल्याकडे फुटपाथ नाही. तो गटारात उतरायचा.)

आणि दादा? दादा दोघांचाही. भातगिरणीच्या लांब भिंतीवर डाव्या अंगाला जनरल, उजव्या अंगाला डॉक्टरीणबाई, दोन्ही त्याने रंगवले. मी नेहमीसारखा खाली उभा राहून रंग कालवायचो आणि त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं: तो शिडीवर, मी खाली, वर अक्षरं, खाली टवाळी. सगळ्या पक्षांची कामं आम्ही केली, त्यामुळे मला लोक बिनरंगाचा माणूस समजतात. टर्पेंटाइन. सगळ्यांचे रंग धुवायचे आणि स्वतःला कुठला लावून घ्यायचा नाही. हे मी मोठ्या ऐटीत सांगत आलोय, तूही ऐकलं असशील.

दादा गेला त्या मंगळवारपासूनच वहिनीने एक गोष्ट सांगून ठेवली होती. रडणं झाल्यावर कोन्सोर्सियावहिनी काय करते हे तुला ठाऊक आहे; ती कामाला लागते. तिने दोन्ही मुलांना पेटीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि म्हणाली, "पुढच्या दोन कड्या तुम्हा दोघांच्या हातात. खांद्याला खांदा. नाहीतर बँडवाल्यांना सांगते, ढोल खाली ठेवा आणि ह्यांना उचला."

लिनो म्हणाला, "मी तयार आहे. त्याला ते निळं काढायला सांग."

डोमिंग म्हणाला, "मनगटातलं काढतो. त्याच्या डोक्यातलं जांभळं कोण काढणार?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून घरात प्रश्न हा होता की दादाला त्याची मुलं उचलणार की ढोलवाले. आठवडाभर सगळी गल्ली कॉफी पीत पीत ह्या एकाच गोष्टीची वाट पाहत होती. दुःख होतंच, नाही कशाला म्हणू, पण दुःख काही सात दिवस एका तापमानावर राहत नाही.

आता रविवार. सगळ्या फिलिपिन्सने त्या दुपारी चार वाजता टीव्ही लावायचा असं ठरवलं होतं, कारण दोघं उमेदवार पहिल्यांदाच समोरासमोर येणार होते. मोठ्या पडद्याचा टीव्ही आमच्या भागात एकच, वॉर्डाच्या काप्तानच्या घरी. बारापासूनच लोक पेटीकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघायला लागले. साडेतीनपासून एकेक जण उठू लागला. कुणाला चुलीवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली, कुणाच्या डुकराला ताप आला. एकाच दुपारी एका गल्लीतल्या इतक्या डुकरांना ताप आलेला मी आजवर पाहिला नव्हता. आणि आपली रीत अशी विचित्र, की मयताच्या राखणीला, रात्रंदिवस सोबत बसायला, आलेल्याला घरच्यांनी दारापर्यंत सोडायचं नाही, आभारही मानायचे नाहीत. त्यामुळे वहिनीला खुर्चीत बसून नुसतं बघावं लागत होतं. पावणेचारला उरलो मी, निल्दा, आणि जपमाळ सांगणारी लोला पासिंग (वय सत्याऐंशी, डोळ्यांनी कमी, कानांनी सोयीपुरतं). मयताला एकटं ठेवायचं नाही, ही दुसरी रीत. तिघांत दादा एकटा म्हणायचा की नाही, ह्यावर मी विचार करत होतो, तेवढ्यात वहिनी उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली.

काप्तानच्या घरी काय झालं ते मला नंतर कळलं. तीस माणसं मांडी घालून बसलेली, आणि दारात काळ्या कपड्यांतली वहिनी. ती म्हणाली, "काप्तान, पाच निवडणुका माझ्या नवऱ्याने तुझं थोबाड भिंतीवर रंगवलं. पाचही वेळा केस काळे केले. टीव्ही दे."

दहा मिनिटांत ती तीनचाकीत बसून परत आली, मांडीवर टीव्ही, मागे काप्तान पळत, काप्तानच्या मागे तीस माणसं.

टीव्ही कुठे ठेवायचा ह्यावर मी डोकं चालवलं आणि भिंतीशी ठेवून पडदा लोकांकडे केला. वहिनी म्हणाली, "इकडे नाही. ह्यांच्याकडे तोंड करा."

"वहिनी, मग लोकांना कसं दिसणार?"

"ज्याला बघायचंय त्याने ह्यांच्या मागे येऊन उभं राहावं. पाच दिवस झाले, सगळे ओसरीवर बसून कॉफी ढोसतात. जवळ कोणी येत नाही."

तर ताई, डोळ्यांसमोर आण. पहिल्या रांगेत, मधोमध, आडवा, आपला दादा. त्याच्या उशाशी त्रेचाळीस माणसं (मी मोजली, दुसरं काम नव्हतं) एकमेकांच्या मानेवरून माना काढून उभी. डाव्या बाजूला लिनो आणि जांभळे, उजव्या बाजूला डोमिंग आणि निळे, मधे काप्तान, ज्याच्या उजव्या मनगटात जांभळं कडं होतं आणि डाव्या बाहीच्या आत निळं. पेटीच्या काचेत टीव्हीचं प्रतिबिंब पडायचं, त्यामुळे जनरल बोलायला लागला की दादाच्या कपाळावर जनरल उगवायचा, आणि डॉक्टरीणबाई बोलू लागल्या की त्या त्याच्या शर्टाच्या खिशावर. तीन तास न हलता, न जांभई देता ते ऐकणारा सगळ्या देशात तो एकटाच असेल. जनरल प्रत्येक उत्तर "माझ्या सैनिकी आयुष्यात" असं सुरू करायचा आणि वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत लढाईतून बाहेर पडायचा नाही. डॉक्टरीणबाई प्रत्येक प्रश्नाला रोगी समजायच्या: आधी लक्षणं, मग कारणं, आणि औषधाचं नाव येणार एवढ्यात घंटा. तांदळाचा भाव विचारला तेव्हा एकाला डोंगरातला वेढा आठवला आणि दुसरीला कुपोषण. भाव कुणालाच आठवला नाही.

वहिनीची तंबी होती: टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, घोषणा नाहीत, घरात मयत आहे. आता त्रेचाळीस माणसांनी एवढं सगळं पोटात कुठे ठेवायचं? राखणीला खायला खारवलेल्या कलिंगडाच्या बिया असतातच. जनरलने पहिलं वाक्य टाकलं आणि डाव्या बाजूने वीस दातांखाली वीस बिया एकदम फुटल्या. कटाक्. डॉक्टरीणबाईंनी उत्तर दिलं, उजव्या बाजूने कटाक् कटाक्. नियम मोडला नव्हता. वहिनीने नुसतं वळून पाहिलं. मग तर ऊतच आला. आवडलं तर दातांनी फोडायची, नाही आवडलं तर टरफल जोरात थुंकायचं. काप्तान बिचारा दोन्ही गालांनी चावत होता. लोला पासिंगला दात नाहीत, म्हणून तिला मत नव्हतं. ती फक्त एकदा म्हणाली, "हा मुलगा जेवलेला दिसत नाही, आवाज खोल गेलाय," आणि ते जनरलबद्दल होतं. जपमाळ तिने जाहिरातींत बसवली होती. एका जाहिरातीत पाच नमोमरिया व्हायच्या. एकदा तिचा अंदाज चुकला आणि जनरल म्हणाला, "सहा महिन्यांत मी भ्रष्टाचार संपवीन," त्यावर अर्धी खोली जपाच्या सवयीने म्हणाली, "आमच्यासाठी विनंती कर." त्या संध्याकाळची एवढीच एक गोष्ट मला मनापासून पटली.

डिबेट संपलं. टीव्हीवर टाय घातलेली चार माणसं आली आणि कोण जिंकलं ते सांगायला लागली; चौघांनी चार नावं सांगितली, उमेदवार दोनच असताना. आपल्याकडे निकाल जमिनीवर होता. डावीकडे टरफलांचा एक ढीग, उजवीकडे एक. काप्तानने वाकून, पाऊल लावून दोन्ही मोजले आणि पाच निवडणुका जिंकलेल्या माणसासारखा निकाल दिला: "उंची जांभळ्यांची, पसारा निळ्यांचा." आणि मयत घरातून हलेपर्यंत झाडू लावायचा नाही ही तिसरी रीत, त्यामुळे तो निकाल मंगळवारपर्यंत तसाच राहिला. येणारा प्रत्येक जण आधी ढिगांकडे बघायचा, मग दादाकडे.

इथवर सगळं गमतीत होतं. मग लिनो बोलला. "जनरल बोलत होते तेव्हा बाबांच्या तोंडावर हसू होतं. सगळ्यांनी बघितलं."

"ते हसू प्रेतात मसाला भरणाऱ्याने शिवलंय," डोमिंग म्हणाला.

"बाबांनी जनरलच्या चेहऱ्याला दोन दिवस दिले. दोन दिवस! डॉक्टरीणबाईला एक दुपार."

"नाक जमत नव्हतं म्हणून दोन दिवस! काकांना विचार. विचार ना! काका, नाक तीनदा पुसलं की नाही?"

(तीनदा नाही, चारदा. पण मी गप्प राहिलो. टर्पेंटाइन बोलत नसतं.)

"बाबा आमचेच होते," लिनो म्हणाला.

"मेलेल्या माणसाला पक्षात घेता? जिवंत कमी पडले वाटतं!"

लिनोने बाह्या सरसावल्या, डोमिंगने काचेवर हात आपटला, आणि दादाच्या डोक्याखालची उशी हलली. वहिनीने जाऊन टीव्हीची वायर ओढली. रडली नाही, काचेवर थेंब पडू द्यायचा नसतो. एवढंच म्हणाली, "आता जा सगळे. ह्यांनी खूप ऐकलं." मग मुलांकडे न बघता, "ढोलवाल्यांना मी उद्या सकाळी सांगते."

ताई, मी आपल्या वहिनीला पस्तीस वर्षं ओळखतो. ती धमकी देत नव्हती. थकली होती.

आता चौथी रीत, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. राखणीवरून उठून सरळ घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे मयताचा आत्मा मागोमाग येत असला तर तिथेच रेंगाळतो. तू म्हणशील मुलांना कसली भीती, बाप त्यांचाच. पण दोघांच्याही घरी तान्ही मुलं आहेत, आणि सुनेला माणूस म्हणून सासरा कितीही आवडता असला तरी आत्मा म्हणून चालत नाही. दोघांच्याही बायकांचे निरोप आले होते: थांबल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता आपल्या भागात थांबायला उघडी जागा किती? एक. तिया मोनिंगची पेजेची टपरी. तिथे बाक किती? एक.

त्यामुळे जी माणसं एकमेकांचं तोंड पाहणार नाही म्हणून रागाने घराबाहेर पडली होती, ती सगळी पाच मिनिटांत एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसली. एका टोकाला लिनो, दुसऱ्या टोकाला डोमिंग, मधे चौदा जण, मी बाजूला उभा, प्रत्येकाच्या हातात आलं घातलेली, कोंबडीचे तुकडे पोहणारी, जीभ पोळणारी पेज. कढत पेज तोंडात असताना माणसाला भांडता येत नाही, फक्त डोळे मोठे करता येतात. तसं थोडा वेळ चाललं. मग डोमिंग फुंकर मारत म्हणाला, "बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं."

"मलाही सांगितलं होतं," लिनो म्हणाला.

"सेल्मोने सगळ्यांनाच सांगितलं असेल, तो कुणाला नाही म्हणायचा?" तिया मोनिंग पळी आपटत म्हणाली. "पण तो यादी करायचा की रे मुलांनो! दर मतदानाला. माझ्याच कॅलेंडरची पानं न्यायचा, मागच्या बाजूला लिहायला. काय सुंदर अक्षर! माझी जन्मतारीख गेली त्यात एकदा."

बाक एकदम ताठ झाला. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच आठवलं नव्हतं. दादा मतदानाच्या महिनाभर आधीच कुणाकुणाला मत द्यायचं त्याची यादी काळ्या शाईने, वळणदार, दुकानाच्या पाटीसारखी लिहून ठेवायचा आणि शेडमधल्या ब्रशांच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. लिनो म्हणाला, "ठीक आहे. यादीत डॉक्टरीणबाईंचं नाव निघालं तर मी हे कडं काढून ह्या पेजेत टाकतो आणि मुकाट खांदा देतो." डोमिंग म्हणाला, "जनरलचं निघालं तर मीही."

"माझ्या पेजेत काही टाकायचं नाही," तिया मोनिंग म्हणाली.

यादी आणायला कोण जाणार? जांभळा गेला तर निळे मानणार नाहीत, निळा गेला तर जांभळे. बाकावरच्या सोळा माना माझ्याकडे वळल्या. कारण मी बिनरंगाचा. वाडगा ठेवला आणि गेलो.

यायला मला अर्धा तास लागला. शेडचं कुलूप गंजलंय, किल्ली फिरत नव्हती, दिव्याचं बटण सापडत नव्हतं. परत आलो तेव्हा तिया मोनिंगने पेज दोनदा गरम केली होती आणि कुणी घरी गेलं नव्हतं. निल्दा मला बघून म्हणाली, "अंगठ्याला काय लागलंय काळं?" मी म्हटलं, डब्याचं असेल. मग टपरीच्या बल्बखाली उभा राहून मी कॅलेंडरचं पान उलगडलं आणि खालून वर वाचायला सुरुवात केली, वॉर्डातल्या सदस्यांपासून. (काप्तानच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव निघालं. काप्तानने वाडग्यात तोंड घातलं.) मग नगराध्यक्ष. मग सगळ्यात वर, राष्ट्राध्यक्षाच्या ओळीत, दादाच्या त्या पाटीच्या अक्षरात, कुणाचंच नाव नव्हतं. लिहिलं होतं: "दोन्ही मुलं मिळून सांगतील तो."

तिया मोनिंग उगाच न मागता सगळ्यांच्या वाडग्यात पेज वाढत राहिली. लिनोने माशाच्या खारट पाण्याची बाटली उचलली, स्वतःच्या पेजेत दोन थेंब टाकले, आणि न बघता शेजारच्याकडे दिली. त्याने पुढच्याकडे, पुढच्याने त्याच्या पुढच्याकडे. चौदा हातांतून ती बाटली डोमिंगपर्यंत गेली. डोमिंगने घेतली, टाकली, आणि म्हणाला, "संपत आलीय." फेब्रुवारीनंतर भावाशी भांडणाशिवाय बोललेला तो पहिला शब्द. तोही तक्रारीचा.

काल सकाळी दोघांनी खांदा दिला. लिनो उंच, डोमिंग बुटका, त्यामुळे पेटी एका अंगाला कलली आणि दादा तिरका गेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती आणि दादा नक्की कुणाकडे कलला ह्यावर चर्चा चालू होती, ते मी ह्या कानांनी ऐकलं. डोमिंग कबरीपर्यंत चवड्यांवर चालला. ढोलवाले मागे आपापले ढोल घेऊनच होते. वहिनी सगळ्यांत शेवटी रडली, आणि मग थांबली नाही. आल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल तर झाडू घेतला, आणि दोन्ही ढीग एकत्र करून एकाच टोपलीत भरले.

मुलं कालपासून शेडच्या पायरीवर बसून "बाबांचं मत" ठरवतायत. गेलेल्या माणसाला मत देता येत नाही हे त्यांना कुणी सांगायला जात नाही. भांडतात, पण शेजारी बसून भांडतात, आणि वहिनी दोघांना एकाच ताटात वाढते. मी सकाळी भातगिरणीवर जाऊन जनरलच्या नावाचं राहिलेलं शेवटचं अक्षर पूर्ण केलं. उद्या डॉक्टरीणबाईंचं करीन. शिडीवर आता मी, खाली वर्तमानपत्र वाचायला कोणी नाही.

सिन्योराला आमचा नमस्कार सांग. चपलेच्या टप्प्याबाहेरून सांग.

तुझा,
तेरिओ

ता. क. वहिनी म्हणते, येताना ते गुडघ्याचं मलम आण, दोन ट्यूबा, इकडचं नुसतंच झोंबतं.

ता. क. आणखी एक. हेच खरं पत्र आहे, वरचं नाही. पाद्रीबाबांनी दफनाच्या प्रवचनात ती यादी वाचून दाखवली. अर्धं चर्च रडलं. आता त्यांना ती चौकटीत बसवून चर्चच्या सभागृहात लावायची आहे, आणि तिचे फोटो काढून जो तो ज्याला त्याला पाठवतोय. तुलाही येईल, आला नसेल तर ह्या पत्राआधी येईल. ताई, दादाने अक्षरं आपल्या दोघांनाच शिकवली. जगात दादाच्या आणि माझ्या अक्षरातला फरक ओळखणारी तू एकटीच उरलीस: त्याचा गोल खालून सुरू व्हायचा, माझा वरून होतो. फोटो बघितलास की तुला कळेल. म्हणून हात जोडून सांगतो, ओळखू नकोस. मुलांनी विचारलं तर म्हण, दादा मलाही फोनवर हेच म्हणाला होता. दादाची खरी यादी ह्या पाकिटात घडी करून ठेवली आहे. ती तिकडेच ठेव. इकडे कधी आणू नकोस.

ता. क. शेवटचं. तू घडी उघडणारच, मला तू माहीत आहेस, तेव्हा मीच सांगतो. राष्ट्राध्यक्षाच्या ओळीत दादाने लिहिलंय: "तेरिओला विचारणे. तो वाचतो." मुलांसाठी मी ते खोटं लिहिलं असं तुला वाटलं असेल, सगळ्यांना तसंच वाटेल, वाटू दे. मी शेडमध्ये उभा राहून ती ओळ वाचली आणि मला फक्त ते सोळा चेहरे दिसले, माझ्याकडे वळलेले, विचारणारे. मला पळायचं होतं, म्हणून मी तो प्रश्न त्या मुलांवर ढकलला. आणि दादाने विचारलंही होतं, ताई. त्याच्या शेवटच्या सोमवारी, शिडीवरून, जनरलच्या नाकाशी झटत असताना. म्हणाला, "तेरिओ, तू एवढं वाचतोस, खरं सांग, कुणाला द्यावं?" मी म्हटलं, "ज्याचं नाक आधी सुकेल त्याला." तो हसला. खूप हसला. मग पुन्हा नाही विचारलं. अठ्ठावीस वर्षांत त्याने मला एवढंच विचारलं होतं. मतदान मेच्या दुसऱ्या सोमवारी आहे. मी आजवर जाऊन कोरीच चिठ्ठी टाकत आलो, हे कुणाला सांगू नकोस. ह्या वेळी मला जायचंय आणि एक नाव लिहायचंय, दादाच्या वाटणीचं, आणि मी सगळी वर्तमानपत्रं पुन्हा काढून बसलोय आणि मला समजत नाही. तुझं मत टपालाने जातं, तू आधी देणार. टवाळी न करता विचारतो, ताई. कुणाला द्यावं? खरं सांग.